ॲज पिवळा ॲज शेजारचा

माझी वहिनी दात करते. हे ऐकून लोक हसतात आणि हसले की फसतात, कारण हसणाऱ्याचे दात दिसतात आणि वहिनी जवळपास असली तर ती मान तिरकी करून बघायला लागते. "वरचा डावीकडचा बसवलेला आहे," ती माझ्या कानात सांगते. "हात चांगला आहे करणाऱ्याचा. मुळाशी जरा राखाडी गेलाय, पण ठीक." त्या माणसाच्या बायकोलाही जे ठाऊक नसेल ते आमच्या वहिनीला बसस्टॉपवर उभ्या उभ्या कळतं.

मीही त्याच लॅबमध्ये असते. मी प्लास्टरवाली. दवाखान्यांतून तोंडाची मापं येतात, गुलाबी रबरात दातांचे ठसे उमटलेली. त्यांत मी प्लास्टर ओतते आणि कुणाचा तरी जबडा टेबलावर उभा करते. मग मेण, भट्टी, घासकाम असं होत होत तयार झालेली दाताची कॅप शेवटी वहिनीकडे जाते आणि वहिनी तिला रंग देते. मी तिला वहिनी म्हणते म्हणून अख्खी लॅब तिला वहिनी म्हणते. त्या हिशोबानं मला तिथे डझनभर भाऊ झालेत, त्यातला एकही कामाचा नाही. आम्ही दोघी वयानं सारख्या, त्यामुळे नणंद-भावजय असलो तरी आमचं पहिल्यापासून अगं-तुगं आहे आणि भांडणंही त्याच हक्कानं होतात.

लोकांना वाटतं दात म्हणजे पांढरा. वहिनीसमोर हे बोलू नका. समोरचा एकच दात करायचा असेल तर तो शेजारच्या दातासारखा व्हायला हवा. शेजारचा पिवळा असला तर हाही पिवळा, चहानं तांबूस झालेला असला तर हाही तांबूस, त्याला बारीक चीर असली तर हिनं केसाएवढ्या ब्रशनं तशीच चीर काढायची. नवा दात उठून दिसला की सगळी मेहनत पाण्यात. कुणाला काही कळलंच नाही, तर जमलं. आता असल्या धंद्यात कौतुक कुठून व्हायचं? चांगलं झालं की कुणी अवाक्षर काढत नाही आणि बिघडलं की तासाभरात फोन.

म्हणून वहिनीचा एक नेम आहे. रंगाचं काम आलं की ब्रशला हात लावायच्या आधी ती दवाखान्यात फोन करते आणि एकच विचारते, "डॉक्टर, दात ओला होता की कोरडा?" नवीन डॉक्टरला वाटतं, बाई चेष्टा करतेय. पण तोंड बराच वेळ उघडं राहिलं की दात वाळतो आणि वाळलेला दात असतो त्यापेक्षा पांढरा दिसतो. मलाही आधी पटत नव्हतं. तेव्हा तिनं आमच्या दादाला टीव्हीसमोर तोंड उघडून बसवलं. दादा म्हणजे माझा भाऊ आणि तिचा नवरा, लिफ्ट दुरुस्त करतो, स्वभावानं गरीब. बातम्या संपेपर्यंत बिचारा आ करून बसला. "बघ, खडू झालाय की नाही?" वहिनी म्हणाली. मग त्याला तोंड मिटायला लावलं, थुंकी गिळायला लावली आणि थोड्या वेळानं पुन्हा उघडायला लावलं. "आता बघ. हा खरा दात." खरंच वेगळा होता! दादानं विचारलं, "जेवू का आता?"

लॅबमध्ये एकच खिडकी उत्तरेकडे आहे. तिथे ऊन थेट येत नाही, दिवसभर सारखा उजेड असतो. रंगाचं टेबल त्या खिडकीशी. त्या टेबलावर इतकी वर्षं आमचे रंगकाका बसायचे आणि वहिनी त्यांच्या डाव्या हाताला, भिंतीकडे, अर्ध्या सावलीत. काकांची नजर अधू झाली, त्यांनी काम सोडायचं ठरवलं, आणि सगळे समजून चालले की खिडकी आता वहिनीची. वहिनीही समजून चालली. तिनं खुर्चीसाठी नवी उशीसुद्धा शिवली.

आणि मग मालकांनी बॉम्ब टाकला.

"बाहेरच्या देशातला एक दवाखाना आपल्याला काम देतोय," ते म्हणाले. खुशीत होते, शर्टाची बाही सारखी वरखाली करत होते. "मोठं काम आहे. फक्त रंगाच्या वेळी त्यांच्या डॉक्टरशी स्क्रीनवर बोलावं लागेल. इंग्रजीत. जो खिडकीत बसेल त्यानंच बोलायचं." मग वहिनीकडे बघून जरा खाली आवाजात, "वहिनी, तुम्हाला जमलं तर खिडकी तुमचीच. नाहीतर मला बाहेरून माणूस आणावा लागेल. माझा नाइलाज आहे."

वहिनीला इंग्रजी येत नव्हतं असं नाही. टेबल, ब्रश, पावडर, सॉरी, एवढं येत होतं. एवढ्यात परदेशाशी काय बोलणार? त्या दिवशी बसमध्ये समोरच्या माणसाच्या सोन्याच्या दाताकडे तिनं बघितलंसुद्धा नाही. मला काळजी वाटली. दुसऱ्या दिवशी एक टायवाला माणूस येऊन काकांच्या खुर्चीत बसून गेला. खुर्ची खालीवर करून बघितली त्यानं! वहिनी भिंतीकडच्या जागेवरून बघत होती. संध्याकाळी तिनं क्लास लावला.

क्लास टायरच्या दुकानावर भरायचा. खाली हवा भरायचा पंप सुरू झाला की वरचं वाक्य मध्येच थांबवावं लागायचं. शिकवणाऱ्या बाई पूर्वी विमानतळावर घोषणा करायच्या, त्यामुळे त्या साधं "बसा" म्हणाल्या तरी माणूस सामान उचलून उभा राहायचा. त्यांची रीत अशी की एका वेळी एकच वाक्याचा साचा द्यायचा आणि तो आठवडाभर तोंडात ठेवायचा. घरी, कामावर, रस्त्यात, तोच घोळवायचा. वहिनी पहिले काही दिवस रडकुंडीला आली. "माझ्यानं नाही व्हायचं गं," ती म्हणायची. "जीभ वळत नाही." मी म्हणायचे, "माझ्याशी भांडताना बरी वळते."

एका संध्याकाळी मी भाजी चिरत होते तर जिन्यात धाडधाड आवाज. वहिनी चपला न काढता आत आली, श्वास लागलेला, डोळे असे चमकताहेत की मला वाटलं लॉटरी लागली.

"ताई, सापडलं!"

"काय?"

"इंग्रजी!"

"कुठे पडलं होतं?"

"चेष्टा नको गं, ऐक! दोन ॲज असतात. एक आधी, एक नंतर. मध्ये रंग घालायचा आणि पुढे शेजारी ठेवायचा. ॲज व्हाइट ॲज मिल्क. दुधाइतका पांढरा. कळलं? ॲज अमका ॲज तमका. अगं, हे तर माझंच काम आहे! मी जन्मभर दुसरं काय केलंय? हा दात त्या दाताइतका. हा पिवळा त्या पिवळ्याइतका. इंग्रज माझंच काम बोलतात!"

आणि तिनं मला मिठी मारली. चाकू माझ्या हातात होता, मी तो कसाबसा लांब धरला.

झालं. त्या दिवसापासून आमच्या घराला ॲज लागलं. चहा ॲज हॉट ॲज भट्टी. उशी ॲज हार्ड ॲज प्लास्टर. मला म्हणाली, "यू आर ॲज शार्प ॲज ब्लेड." मी म्हटलं, चल, निदान खरं बोललीस. दादाला म्हणाली, "यू आर ॲज क्वायट ॲज लिफ्ट." दादानं ताटातून मान वर केली. "चालू लिफ्ट की बंद पडलेली?" वहिनी म्हणाली बंद पडलेली. "बंद पडलेल्या लिफ्टमध्ये माणसं फार बोलतात," दादा म्हणाला आणि पुन्हा जेवायला लागला. त्या आठवड्यातलं त्याचं तेवढंच लांब वाक्य. लॅबमध्ये तर ऊतच आला. भट्टीवाला, घासकामवाला, सगळे माझे ते बिनकामाचे भाऊ तिला ॲज-ॲज वहिनी म्हणायला लागले. ती खुशाल ओ द्यायची.

क्लासच्या बाईंशी मात्र तिचं वाजलं. पुस्तकात सगळं ॲज व्हाइट ॲज मिल्क, ॲज ब्लॅक ॲज कोल असं छापलेलं. वहिनीनं विचारलं, दूध कुठलं, तापवलेलं की थंड, आणि भांडं कुठल्या रंगाचं? बाई हसून लोटपोट झाल्या आणि म्हणाल्या, तुमचं तुम्ही करा, मला रोज नवीन आणून दाखवा. पण पुढच्या आठवड्यात त्यांनी नवीन साचा दिला. मोअर दॅन. याच्यापेक्षा जास्त. वहिनीनं तो घेतलाच नाही!

"अहो बाई, आमच्या धंद्यात मोअर म्हणजे चूक," ती म्हणाली. "शेजारच्यापेक्षा जास्त पांढरा झाला की दात परत येतो. मला मोअर नको. मला ॲजच पुरे."

"आयुष्यभर ॲजवर भागणार आहे का?" बाईंनी त्यांच्या त्या विमानतळी आवाजात विचारलं.

"माझं भागेल," वहिनी म्हणाली, आणि खाली पंप सुरू झाला.

परदेशातलं पहिलं काम आलं ते समोरच्या एका दाताचं. दात एका गाणाऱ्या बाईचा होता. ती सायकलवरून पडली होती आणि पडल्यापासून गाणं बंद, बोलतानाही तोंडावर हात. हे सगळं मालकांनी वाचून दाखवलं. सोबत माप, फोटो आणि पट्टीवरचा नंबर. पट्टी म्हणजे नमुन्याच्या दातांची माळ असते, डॉक्टर ती दाताशेजारी धरून नंबर ठरवतो. मी प्लास्टर ओतताना जीव ओतला. इतका स्वच्छ जबडा मी कधी काढला नव्हता.

वहिनीनं फोटो बघितला आणि तिची मान तिरकी झाली. मी समोरच होते. तिनं तोंड उघडलं. मला वाटलं, आता विचारणार, ओला की कोरडा? पण फोन कुणाला करणार आणि कुठल्या भाषेत? तिच्या दोन ॲजमध्ये हा प्रश्न कुठे बसत नव्हता. मालक मागे उभे होते, तो टायवाला पुन्हा येणार होता म्हणे. वहिनीनं तोंड मिटलं आणि ब्रश उचलला. फोटोसारखा दात केला, अगदी हुबेहूब. सगळे वा वा म्हणाले. ती मात्र डबा अर्धाच खाऊन उठली.

कुरिअर पोचलं. त्यांच्या डॉक्टरनं दात बसवून बघायचा दिवस ठरवला आणि आम्ही सगळे खिडकीच्या टेबलाभोवती जमलो. मालकांनी कोट घातला होता. काकाही मुद्दाम आले होते, जाड चष्मा लावून. वहिनी स्क्रीनसमोर बसली, काकांच्या खुर्चीत पहिल्यांदा, आणि तिनं तिची उशी आणायचं धाडस केलं नव्हतं. मी तिच्या मागे उभी होते.

स्क्रीन लागली. तिकडे टकला, हसऱ्या चेहऱ्याचा डॉक्टर. "हॅलो, हॅलो!" वहिनी म्हणाली, "हॅलो. टुडे इज ॲज बिग ॲज एक्झाम." माझ्या मागे भट्टीवाला खुदकन हसला, मी कोपर मारलं. डॉक्टरही हसला, पण चांगलं हसला. मग त्यानं कॅमेरा वळवला. खुर्चीत ती गाणारी बाई, पिकलेले केस, तोंडावर हात. डॉक्टरनं तिला काहीतरी सांगितलं आणि तिनं हात काढला.

अरे देवा!

बाकी सगळे दात जुने, नांदते, मवाळ, आणि मधोमध आमचा दात! ट्यूबलाइट लागली होती नुसती! त्या बाईनं आरशात बघितलं, हसल्यासारखं केलं आणि हळूच हात पुन्हा तोंडावर ठेवला. तो हात बघून मला भडभडून आलं.

डॉक्टर सांभाळून काहीतरी बोलला, थोडा उजळ आहे अशा अर्थाचं. मालक खाली वाकून वहिनीच्या कानाशी घाईनं म्हणाले, "सांगा त्याला, फोटो तुमचाच होता. नंबर तुमचाच होता. आपली चूक नाही." आणि तेही खोटं नव्हतं. एवढं बोलून ती सुटू शकली असती. खिडकीही राहिली असती कदाचित.

वहिनीनं पाण्याचा पेला उचलून एक घोट घेतला. मग ती स्क्रीनकडे सरकली.

"डॉक्टर. माय टूथ इज ॲज व्हाइट ॲज फोटो." बोट स्वतःच्या दातावर. "बट फोटो टूथ, ड्राय. आय सी. आय नो. आय नॉट आस्क." ती शब्द शोधत होती, पण थांबत नव्हती. "एव्हरी डे आय आस्क. धिस डे नॉट आस्क. माय मिस्टेक. सॉरी, मॅडम."

मालकांनी डोळे मिटून घेतले. मला वाटलं, गेलं सगळं. खिडकी गेली, खुर्ची गेली, उशी तेवढी घरी राहिली.

तिकडे डॉक्टरनं आपल्या टकलावरून हात फिरवला आणि सावकाश, वहिनीला कळेल असं बोलला. नंबर त्यानं अगदी शेवटी घेतला होता, बाईंचं तोंड कितीतरी वेळ उघडं होतं. चूक त्याचीही होती. "माइन टू," तो म्हणाला. हे कळलं मात्र, आणि आमच्या वहिनीच्या अंगात आलं!

"टेक आउट माय टूथ!" ती म्हणाली. "वॉटर! मॅडम, वॉटर! देन क्लोज!" आणि स्वतः ओठ घट्ट मिटून दाखवले. दात काढला गेला, बाई पाणी प्यायली, तिनं ओठ मिटले, आणि सगळे वाट बघत बसलो. थोड्या वेळानं माझ्या लक्षात आलं की आमच्या लॅबमध्येही सगळ्यांनी ओठ मिटलेत. मालकांनीसुद्धा! काका तर गाल फुगवून बसले होते. तिकडे डॉक्टरनं ते बघितलं आणि त्यानंही मिटले. दोन देशांत कुणी बोलेना.

"नाऊ विंडो," वहिनी म्हणाली. बाई उठून खिडकीत गेली, मागोमाग डॉक्टर. त्यानं पट्टी धरली, नंबर बदलला. पुष्कळ खाली आला, पिवळ्याकडे. पण पट्टी एकच रंग सांगते आणि दात कधी एका रंगाचा नसतो, मुळाशी वेगळा, पोटात वेगळा, टोकाला वेगळा. आणि स्क्रीनवर तर सगळ्यांचेच दात निळसर दिसतात, तिच्यावर भरवसा नाही. मग राहिलं काय? राहिले ते दोन ॲज!

"हिअर," वहिनीनं दाताचं मूळ दाखवलं. "ॲज यलो ॲज व्हॉट? यू लुक. यू टेल मी."

डॉक्टर गोंधळला. बटर म्हणाला. वहिनीनं मान हलवली, "बटर नो. बटर मेनी मेनी." तो मेणबत्ती म्हणाला. वहिनीनं विचारलं, नवी की जुनी? जुनी. डॉक्टर वाकून वाकून बघायला लागला, त्याला मजा वाटायला लागली होती. टोकाला काय? त्यानं सांगितलं, कांद्याच्या पातीखालचा तो पातळ पापुद्रा असतो ना, तेवढा आरपार. वहिनी आनंदानं टेबलावर हात आपटून म्हणाली, "गुड! व्हेरी गुड!" जणू तोच परीक्षेला बसला होता. मधल्या भागाशी मात्र घोडं अडलं. त्याला काही सुचेना. तेव्हा ती गाणारी बाई, जी इतका वेळ गप्प होती, ती आरशात बघत स्वतःच बोलली. हात तोंडावर न नेता.

"ॲज यलो ॲज माय पियानो," ती म्हणाली. "ओल्ड पियानो. द मिडल कीज."

"वेट!" वहिनी म्हणाली. "आय फाइंड पियानो!"

स्क्रीन बंद झाली आणि मालक म्हणाले, "वहिनी, या वेळी त्यांनी सांभाळून घेतलं. दुसरा दातही चुकला तर काम जाईल आणि मग खिडकीत तो टायवाला बसेल. मी काही करू शकणार नाही." चिडले नव्हते, घाबरले होते. वहिनी म्हणाली, "सर, पियानो कुठे मिळेल?"

जुना पियानो शोधणं हे काय खायचं काम आहे? आम्ही दोघी गावभर फिरलो. वाद्यांच्या दुकानात होते ते नवेकोरे, प्लास्टिकचे, वहिनीनं लांबूनच नाक मुरडलं. शेवटी घासकामवाल्यानं सांगितलं की एका जुन्या सभागृहाच्या मागच्या खोलीत एक आहे. त्या दिवशी त्याचं नाव मी कामाच्या भावांत घातलं. सभागृहाच्या राखणदारानं कुलूप उघडलं, पियानोवरची चादर काढली आणि विचारलं, "वाजवता येतो का बाई?"

"नाही हो. रंग बघायचाय."

"पियानोला रंग नाही देत आम्ही."

"देऊ नका. बघते फक्त." आणि वहिनीनं रुमाल पाण्यात भिजवून मधल्या पट्ट्यांवर फिरवला. राखणदार ओरडलाच! "अहो, अहो, पाणी काय लावताय!" मी त्याला बाजूला घेऊन बोलण्यात गुंतवला, वर दात कसे सांभाळावेत हे समजावलं, त्यालाही एक दुखणारी दाढ निघाली. तोवर वहिनी खिडकीचं दार सताड उघडून, वाकून, नमुन्याचे दात पियानोच्या पट्टीशेजारी धरून बघत होती. मान तिरकी. ओठ पुटपुटताहेत. मग ती ताठ उभी राहिली आणि एवढ्या मोठ्यानं म्हणाली की चादरीवरची धूळ उडाली, "ताई, मिळाला! कडेला मधासारखा आहे गं, मध्ये नाही! मला वाटलं होतं मध्ये!"

तो दात करताना टेबलावर जुन्या मेणबत्तीचं बूड, कांद्याच्या पातीचा पापुद्रा, आणि डोक्यात पियानो. भट्टीतून निघाला की ती तो पाण्यात बुडवायची, खिडकीत धरायची, पुन्हा रंग, पुन्हा भट्टी. मला तर तो दात मळकट वाटला. मी तसं म्हटलंही. "शेजारीही तसाच आहे," ती म्हणाली.

पुन्हा कुरिअर, पुन्हा तो दिवस, पुन्हा सगळे टेबलाभोवती. या वेळी दादाही आला, लिफ्टच्या कामाचे कपडे तसेच, हातात पिशवी. टायवाला दाराशी बसून होता. मालकांनीच बोलावला असेल, काय सांगावं. माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं, म्हणजे माझे दात त्या क्षणी असतात त्यापेक्षा पांढरे दिसत असणार.

स्क्रीन लागली. डॉक्टर. मग ती बाई. छान हसत होती, तोंड भरून, वरचे दात सगळे दिसत होते, एकसारखे जुने. वहिनी पुढे वाकली. डावीकडून उजवीकडे बघत गेली. पुन्हा उजवीकडून डावीकडे. तिच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"डॉक्टर," ती म्हणाली, "माय टूथ? नॉट कम? कुरिअर लेट?"

मालक मटकन खाली बसले. पार्सल हरवलं! माझ्याही मनात तेच आलं. तिकडे डॉक्टर नुसता बघत राहिला, आणि मग त्याचं टक्कल लाल व्हायला लागलं. हसू दाबत होता! ती बाई खिडकीतून कॅमेऱ्याच्या अगदी जवळ आली. तिनं बोट वर केलं आणि समोरच्या एका दातावर नखानं टकटक केलं.

तो दात आमचा होता.

वहिनीला स्वतःचा दात सापडला नव्हता! बसस्टॉपवर परक्या माणसाचा बसवलेला दात ओळखणाऱ्या बाईला! लॅबमध्ये असा काही आरडाओरडा झाला की बाहेरून वॉचमन धावत आला. भट्टीवाला नाचत होता, मालक काकांना मिठी मारत होते, काका "मला दाखवा, मला दाखवा" म्हणून चष्मा पुसत होते, मी रडत होते आणि माझे हात प्लास्टरचे, त्यामुळे तोंड पांढरं झालं ते झालंच. टायवाला कधी उठून गेला कळलंही नाही. दादानं गर्दीतून वाट काढली, पिशवीतून उशी काढली आणि वहिनीला जरा उठवून ती खुर्चीवर ठेवली.

वहिनी मात्र बसेना. हात टेबलावर टेकून ती स्क्रीनकडेच बघत होती. मग ती गाणारी बाई गायली. फार नाही, एकच ओळ, वर चढत जाणारी, तोंड पूर्ण उघडून. शब्द काही आम्हाला कळले नाहीत. संपल्यावर तिनं श्वास घेतला आणि एकेक शब्द सुटा करून, खास आमच्या वहिनीसाठी, दोन्ही ॲजवर जोर देऊन म्हणाली, "टुडे, आय ॲम ॲज हॅपी ॲज यू."

वहिनीनं ते वाक्य तपासलं. मी तिला ओळखते, ती सगळंच तपासते. मान तिरकी केली, समोर बघितलं, मागे आमच्याकडे बघितलं, उशीकडे बघितलं. ओठ ओले केले.

"नो, मॅडम," ती म्हणाली. "आय मोअर."